कालिपाच्या घरचे टोल

किर्गिझस्तानातल्या नारीनच्या वरच्या अंगाला, जिथे गाडीरस्ता संपून घोड्याची वाट सुरू होते, तिथे कालिपा हिवाळाभर एकटी राहायची. बाकीचे मेंढपाळ थंडी वाढली की गावात उतरायचे. ही आपली मेंढरं, एक घोडी आणि म्हातारा कुत्रा घेऊन वरच थांबायची. मुलगा बिश्केकला टॅक्सी चालवायचा. एक हिवाळा ती त्याच्याकडे राहिलीही होती. पाचव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून खालच्या गाड्या बघायची. वसंत लागायच्या आतच परत आली.

त्या सकाळी मेंढरं मेंढवाड्याबाहेर निघेनात. सूर्याभोवती कडं पडलं होतं, वारा साफ पडला होता. कालिपाने चहा अर्धा टाकला आणि पदर खोचावा तशी शाल कमरेला करकचून बांधली. गोवऱ्या घरात आणून भिंतीशी रचल्या. खिडक्यांवर लोकरीचे जाड नमदे ठोकले. घराच्या दारापासून मेंढवाड्यापर्यंत दोर ताणला आणि फावडं आत घेतलं; दार बर्फाने बुजलं तर बाहेर राहिलेलं फावडं काय कामाचं?

इतक्यात खालच्या गावातून बेकतेन आला. पन्नाशीचा, तोंडाने फटकळ. त्याच्या घोड्या डोंगरात भटकल्या होत्या, त्या शोधायला निघाला होता. तिला तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं 'एजे' म्हणायचा. घोड्यावरूनच त्याने तिला खाली चला म्हणून सांगून पाहिलं. ती ऐकेना, तेव्हा अंगणातल्या खांबाकडे त्याने चाबूक रोखला. तिथे जुन्या नांगराची लोखंडी तबकडी टांगलेली होती.

"एजे, आजही बडवणार का हे? कोल्ह्यांना जेवायला बोलावता की काय?"

"तुझ्यापेक्षा कोल्हे बरे. गुपचूप जेवून जातात. आज जाऊ नकोस, बेकतेन."

तो हसला आणि गेला.

ही तबकडी तिने नवरा गेल्यानंतर टांगली होती. सापाराली असाच वादळात मेंढरांमागे गेला होता. तो शेजारच्या तळावर थांबला असेल असं समजून ती चुलीशी बसून राहिली. बर्फ वितळल्यावर सापडला, तो घराच्या मागच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. तेव्हापासून वादळ आलं की ती बाहेर जाऊन टोल द्यायची. आधी लोक हळहळले, मग हसू लागले. तिने टोल द्यायचं सोडलं नाही.

दुपारी डोंगर दिसेनासे झाले आणि वारा एकदम येऊन आदळला. कालिपाने कमरेला आणखी एका दोराचं टोक बांधलं, दुसरं दाराच्या कडीला, आणि हातोडा घेऊन खांबाशी उभी राहिली. हात भरून आला की आत जायची, बोटं शेकायची, पुन्हा बाहेर यायची. स्वतःचे पाय दिसत नव्हते. कोणी येईल असं तिला वाटत नव्हतं. इतक्या वर्षांत कोणी आलंच नव्हतं.

अंधारून येताना कुत्रा भुंकला. पांढऱ्या धुरळ्यातून आधी घोड्याचं तोंड आलं, मग त्याच्या मानेला मिठी मारून बसलेला बेकतेन. त्याच्या भुवयांवर बर्फ गोठला होता. तिने त्याला ओढत आत नेलं, बूट काढले, पायांना मेंढीची चरबी चोळली, मीठ घातलेला दुधाचा चहा पाजला. बऱ्याच वेळाने त्याला वाचा फुटली.

"आवाज यायचा, जायचा. घोड्यानेच कान टवकारले. मी तर लगाम सोडून दिला होता, एजे."

"पी आधी. गार होईल."

वादळ दोन दिवस घोंगावत राहिलं. बेकतेनचे पाय वाचले, तसं तोंडही सुटलं. त्याने मुलीच्या लग्नातले रुसवेफुगवे सांगितले, मोडकी खाट नीट करून दिली, तिच्या रोट्यांना नावं ठेवत चार जास्तच खाल्ल्या. कालिपा हसली. हसल्यावर गाल दुखतात, हे ती विसरलीच होती. तिने सापारालीबद्दल सांगितलं, कितीतरी वर्षांनी, त्याचं घोरणंसुद्धा.

तिसऱ्या सकाळी आकाश निरभ्र झालं. त्याने घोड्यावर खोगीर घातलं.

"आता तरी चला. तुम्हाला इथे सोडून गेलो तर माझी बायको मला घरात घेणार नाही."

"मुलाकडे भरल्या घरात बसून होते, तेव्हा दिवसाकाठी दोन शब्द बोलायला मिळायचे नाहीत. तुझ्याकडेही चार दिवसांनी मी कोपऱ्यातली म्हातारीच होईन. जा तू. वाट बंद व्हायच्या आत जा."

त्याने घोड्यावरून वाकून तिचा हात आपल्या कपाळाला लावला आणि निघाला. तो वळणाआड होईपर्यंत ती दारात उभी राहिली.

दुपारी मेंढरांना चारा टाकताना ती बेकतेनच्या मुलीच्या लग्नाची गंमत घोडीला सांगू लागली आणि मध्येच थांबली. घर कधी नव्हे इतकं शांत वाटत होतं. वाट पुढे बुजलीच; वसंतापर्यंत खालून कोणी आलं नाही. पुढचं वादळ कधी येईल असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.