दीड बोटाची जागा

बुर्गी माणसं पायांवरून ओळखायची. एखाद्याचा चेहरा ती विसरायची, घोटा मात्र विसरत नसे. ऑस्ट्रियातल्या टायरोल भागातल्या त्या उंचावरच्या गावात तिचं दुकान म्हणजे सरायच्या जिन्याखालची एक लांबट खोली. वडील चामड्याचे स्कीबूट शिवायचे. ते गेले, पाठोपाठ चामडंही गेलं आणि प्लास्टिक आलं. पण समोर गुडघे टेकून पाय हातात घ्यायची त्यांची रीत बुर्गीने सोडली नाही. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "अख्ख्या गावापुढे गुडघे टेकून झालेत. आता आणखी एकासाठी कोण टेकणार?"

मुलांचे बूट निवडताना तिचा नियम एकच होता. बुटातला मऊ भाग काढून ठेवायचा, नुसत्या कडक कवचात पाय घालायला लावायचा, पायाची बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे आपली बोटं सरकवून बघायची. नवख्या पोराला दोन बोटं जागा. चांगलं स्की करणाऱ्याला दीड. त्याहून जास्त नाही.

"अगं, पोर वाढणारच की," बाप कुरकुरायचे.

"वाढू दे ना. तोवर पाय आत काय नाचायला सोडायचा? बूट घेतोयस की गोठा?"

बाप हसायचे आणि तिचं ऐकायचे. बुर्गीची बोटं खोटं बोलत नाहीत, असं गावात सगळेच म्हणत.

ती खोटं बोलली ती एकदाच, अफ्राच्या बाबतीत.

अफ्रा शेजारच्या वाडीतली. तिच्या थोरल्या मुलाची, किलियानची, बुर्गी धर्ममाता होती. बाप्तिस्म्याला त्याला हातांवर घेऊन गेली होती ती हीच. दर वर्षी सर्व संतांच्या सणाला त्याच्यासाठी घोड्याच्या आकाराचा पाव भाजायची. बारा वर्षांचा असताना त्याला तिने नवे बूट बसवून दिले. त्याच्या घोट्याचं हाड जरा बाहेर होतं, म्हणून कवच तापवून तेवढ्या जागी फुगवटा काढला. पोराने ते अकरा दिवस घातले आणि बर्फ संपला. त्याच वर्षी जुलैत उतारावरचं गवत कापताना बापाचं यंत्र उलटलं. किलियान त्याच्या खाली होता.

दुसऱ्या वर्षी अफ्रा ते बूट घेऊन आली. सोबत धाकटी रोझिना, आठ वर्षांची. उतारावर पोर अशी यायची की म्हातारे खुराडं साफ करायचं थांबवून बघत राहायचे.

"होतील ना गं हिला?" अफ्राने विचारलं होतं.

बुर्गीने बोटं घातली. चारही सहज आत गेली.

"दोन बोटं," ती म्हणाली. "जाड तळ घालते. होतील."

आणि बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला, जिथे मालकाचं नाव लिहायची रीत होती, तिथे तिने रोझिनाचं नाव लिहिलं. बूट एका पोराकडून दुसऱ्याकडे गेले की आधीचं नाव खोडायचं असतं. तिने ते खोडलं नाही, अफ्रानेही खोड म्हटलं नाही.

आता पुन्हा ऑक्टोबर उजाडला होता. मायलेकी बाकावर बसल्या होत्या.

"शिकवणारा म्हणतो, वळताना हिची टाच उचलली जाते," अफ्रा म्हणाली. "बक्कल जरा घट्ट करून दे. आणि तो म्हणतो, पोर एवढी चांगली आहे तर आणखी कडक बूट लागतील. मी म्हटलं, हे काय वाईट आहेत?"

बुर्गीने रोझिनाचा मोजा उतरवला. उन्हाळ्यात हिमनदीवर आठवडाभर सराव झाला होता. सैल बुटात पाय पुढे आपटून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. नडगीवर बोटभर रुंद निळा पट्टा होता.

"दुखतंय?"

"नाही, बुर्गीमावशी," पोर आईकडे बघत म्हणाली.

बुर्गीने कवचात तिचा पाय घातला. टाचेमागे तीन बोटं गेली. ती तशीच खाली बसून राहिली. आज आणखी एकदा दोन म्हणता आलं असतं. अफ्राला तेच ऐकायचं होतं.

"अफ्रा, तीन आहेत. गेल्या वर्षी चार होती."

"तू दोन म्हणालीस."

"हो."

"तू मोजायला चुकत नाहीस."

"चुकले नव्हते. ते बूट मला बर्फावर बघायचे होते. एकदा तरी."

अफ्रा हळू आवाजात म्हणाली, "मी वेडी होते म्हणून मागितले. तू तरी शहाणी राहायचंस. पोरीची नखं काळी होईस्तोवर गप्प बसलीस?"

बुर्गीने पोरीचा पाय कवचातून बाहेर काढला. अफ्राने जुने बूट उचलून छातीशी धरले. "हिला काय लागेल ते दे," म्हणाली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

बुर्गीने तीन जोड काढले. शिकवणाऱ्याने सांगितलेला कडक जोड आधी घातला. रोझिनाने गुडघे वाकवून पाहिले, बूट तसूभर हलला नाही.

"तुझं वजन कोंबडीएवढं, आणि त्या शिकवणाऱ्याला बूट बैलाचा हवा," बुर्गी म्हणाली. "चांगलं स्की करतेस म्हणून हाडं काही मोठ्यांची होत नाहीत. हा बघ."

दुसऱ्या जोडात दीड बोट जागा होती. रोझिनाने उभी राहून गुडघे पुढे ढकलले. बूट तिच्यासोबत झुकला, टाच जागीच राहिली. तिचा चेहरा एकदम उजळला आणि लगेच मावळला.

"बुर्गीमावशी," ती कुजबुजली, "हे चांगले आहेत. पण आईला नको सांगूस."

बुर्गी उठली. तिने दार उघडलं.

"अफ्रा, माझ्यावर हवं तेवढं रागव. पण आत ये. पोरीला बूट आवडलेत आणि ती ते तुझ्यापासून लपवतेय."

अफ्रा आत आली.

"कसे आहेत?" अफ्राने विचारलं.

रोझिनाची नजर आईने छातीशी धरलेल्या बुटांवर खिळली होती. "चांगले," ती म्हणाली आणि रडायला लागली.

अफ्रा तिच्यासमोर खाली बसली. किलियानचे बूट तिने खाली ठेवले नाहीत. ते एका काखेत सरकवले आणि मोकळ्या हाताने नव्या बुटाचं टोक दाबून पाहिलं. सगळ्याच आया असं दाबून बघतात. त्या कडक प्लास्टिकमधून आतला पाय हाताला लागत नाही. बुर्गी एरवी हे हसून सांगायची. आज तिने अफ्राला दाबून बघू दिलं. अफ्रा बराच वेळ दाबत राहिली.