भट्टीच्या मागची भिंत

काकींच्या स्वयंपाकघराची भिंत तापते, असा निरोप मला कट्टा गावच्या बाजारात मिळाला. आषाढ चालू होता. निरोप आणणारा माणूस मालवणच्या एस.टी.तून उतरला होता. काकींच्या दत्तारामने लगेच बोलावलंय, पण आईच्या कानावर जाऊ देऊ नका, विचारलंच तर कौलं बघायला आलो म्हणा, असं त्याने सांगितलं.

मला तापलेल्या भिंतीपेक्षा त्या कौलांचा राग जास्त आला. माझंच काम बघायला मी चोरासारखा का जाऊ? पण भिंत तापते हे खरं असेल तर मी बांधलेली भट्टी फोडली जाणार, हेही मला माहीत होतं. काकींची अटच तशी होती.

आता पहिल्यापासून सांगतो.

मी गवंडी. शाळा दुसरीपर्यंत, तीही पुरी नाही. पण कट्ट्यापासून मालवणपर्यंत माझ्या भिंतींना आजही ओळंबा लावून बघा. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं वजन. भिंत सरळ आहे की झुकलीय ते तो सांगतो आणि कोणाची भीड धरत नाही. माझ्या भिंती त्याला पटतात. एवढं बस्स.

दत्ताराम मालवणात शाळामास्तर. वडील नव्हते. घरात आई, तिला सगळा वाडा काकी म्हणायचा, आणि बायको शालन. शालन म्हापशाची. लग्न झालं तेव्हा गोव्यात जाणं-येणं सोपं होतं. मग हद्द बंद झाली. तिकडे पोर्तुगीज, इकडे आपण, मधे परवाने आणि पोलीस. शालनचं माहेर तुटलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तिचं ते सासरी झालं. मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. पण शालन दिवसेंदिवस वाळत चालली. जेवेना, बोलेना. डॉक्टर म्हणाला, आजार काही नाही. दत्तारामने खनपटीला बसून विचारलं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. भट्टी.

म्हापशाला तिच्या घराला लागून पदेराची भट्टी होती. पदेर म्हणजे पाव भाजणारा. तिचं लहानपण त्या दारात गेलं. सकाळ झाली हे तिला कोंबड्याने नाही, पावाच्या वासाने कळायचं. तिला पावाचं सगळं करता येत होतं, फक्त भाजायला जागा नव्हती.

मला बोलावलं त्या दिवशी काकी पडवीत पाय लांब करून वाती वळत होत्या. गुडघ्यांना तेल चोपडलेलं. पुष्कळ जण त्यांना कठोर म्हणत. मी म्हणणार नाही. सून वाळते ते त्यांनाही दिसत होतं. पण आंबवलेलं पीठ आणि अंडी त्यांच्या सोवळ्याच्या चुलीशेजारी त्यांना चालणार नव्हती. त्यांनी सांगितलं, खोली वेगळी, उंबरा वेगळा, पाण्याचा हंडासुद्धा वेगळा. मधल्या भिंतीला दार नको, खिडकी नको. आणि वात खाली ठेवून म्हणाल्या,

"बाबल्या, थंयचां काय एक माझ्या भिंतीतून ह्या बाजूक इलां, धूर म्हण, राख म्हण, तर भट्टी फोडूक लावतलंय. मगे माका दोष देव नको."

"येवचां नाय," मी म्हटलं. माझ्या भिंतीतून मुंगीसुद्धा येत नाही, हे मनात म्हटलं.

जागा ठरवताना डोकं खाजवावं लागलं. विहिरीकडे परस मोकळं होतं. पण जुन्या काळी फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक म्हातारीला पाठ. विहिरीजवळ पावाची भट्टी, हा शब्दसुद्धा काकींपुढे काढता येत नव्हता. एका अंगाला तुळस. दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याच्या कुंपणाचा गडगा. राहिली स्वयंपाकघराची मागची भिंत. तिला टेकून खोली काढायची, दुसरा इलाज नव्हता.

मी कागदावर प्लॅन काढत नाही. येत नाही असं नाही, मला पटत नाही. मी जमिनीवर खुंट्या ठोकतो, त्यांना सुंभ ताणतो आणि ज्याला तिथे काम करायचंय त्याला आत उभा करतो. भट्टी केवढी हा प्रश्न लहान. भट्टीपुढे जागा केवढी हा मोठा. पाव आत सारायला लांब दांड्याचं लाकडी फावडं लागतं. भट्टी जितकी खोल तितका दांडा, आणि तो मागे ओढायला तितकीच जागा पुढे. ती सोडली नाही तर दांडा मागच्या भिंतीवर आपटतो आणि पाव आतल्या आत कोळसा होतो. सावंतवाडीला एका गोंयकार मेस्त्रीच्या हाताखाली भट्टीचं काम केलं होतं, तेव्हा हे शिकलो.

शालनच्या हातात बांबू दिला. म्हटलं, वैनी, हे फावडं समजा. इथे पीठ मळा, इथून उचला, तिथे सारा. ती आधी लाजली. मग पदर खोचला आणि हवेत पीठ मळायला लागली. वळली, बांबू सारला, मागे घेतला. दोनदा सुंभाला अडखळली, तिथे मी खुंटी सरकवली.

काकी पडवीतून बघत होत्या. "काय रे, दशावतार बसयतंस?" त्या म्हणाल्या. "आता राजा खंयसून येतलो?"

शालन हसली. किती दिवसांनी, ते मला नंतर दत्तारामने सांगितलं. काकींनी लगेच मान खाली घालून वात वळायला घेतली. पण त्याआधी त्यांचा हात थांबला होता. मी बघितला.

शालनशी माझं एकदाच वाजलं. आखणीत मी भट्टीची पाठ सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवली होती. ती म्हणाली, "आमगेर भट्टी वणटीक तेंकोवन बांदिनात, मेस्त्री." वणट म्हणजे भिंत. मधे जागा सोडतात, असं तिचं म्हणणं.

"वैनी, पाव तुमच्याकडचे चांगले," मी म्हटलं. "भिंती आमी बांधतंव."

मला माझं बरोबर वाटत होतं आणि कारणही होतं. आमचा चिरा थंड. चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा, इथली सगळी घरं त्याचीच. वैशाखात अंगणात पाय भाजतो तेव्हा माणूस चिऱ्याच्या भिंतीला पाठ लावून झोप काढतो. त्या हातभर जाड भिंतीतून ऊन आत येत नाही, तर आंच कुठून येणार? इथल्या कुठल्याही गवंड्याने हेच म्हटलं असतं. शिवाय जागा सोडली असती तर फावड्याचा दांडा अडला असता. ती म्हणते म्हणून मी सुंभ हलवणार नव्हतो.

काम नीट झालं. खाली चिऱ्याचा कट्टा, त्यावर वाळू, मीठ आणि फुटक्या बाटल्यांच्या काचेचा थर, म्हणजे तळ ऊब धरून ठेवतो. त्यावर लाद्या. घुमटाला लाकडाचं सेंट्रिंग लावलं नाही. ओल्या वाळूचा ढीग रचला, पालथ्या टोपासारखा थापला आणि त्यावर घुमट बांधला. बांधकाम सुकल्यावर ती वाळू तोंडातून बाहेर काढायची. घुमट उभा राहिला तर गवंडी खरा. वाळू शालननेच काढली. मी नको म्हणत होतो, ऐकलं नाही. शेवटची मूठ काढून तिने आत डोकं घातलं आणि पोराला हाक मारली, घुमट कसा घुमतो ते ऐकवायला.

थोडी थोडी आग घालून भट्टी सुकवली. मग पहिले पाव निघाले. जरा करपले. शालनने खोलीच्या उंबऱ्यावर बसून एक अख्खा खाल्ला, नुसता, रडत रडत. दत्ताराम घाबरला. मी त्याला म्हटलं, रडूंदे, खाता मां. काकी त्या उंबऱ्याकडे फिरकल्या नाहीत. पण संध्याकाळी शालन पानावर बसली आणि पुरती जेवली, तेव्हा भात काकींनीच वाढला.

आणि आता हा निरोप.

मी मालवणला पोचलो तेव्हा दत्ताराम छत्री घेऊन बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी, उभा होता. हळू आवाजात म्हणाला, भिंतीला हात लावला तर गरम लागते. शालनला सांगितलं तर ती म्हणाली मेस्त्रींना बोलावू नका. पण मला भीती, आईला कळलं तर भट्टी राहायची नाही, आणि भट्टी गेली तर ही पुन्हा जेवायची नाही. मास्तर माणूस, पण तोंड उतरलेल्या पोरासारखं झालं होतं. आणि नेमक्या काकी घरातच होत्या.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबलो. काकी सोवळ्यात असल्या की मी आत जात नसे. बघितलं तर काकींनी पाट त्याच भिंतीला लावला होता. पाठ भिंतीला, पाय लांब. मांडीवर नातू झोपलेला. भिंतीला समांतर दोरी बांधून त्याची दुपटी वाळत घातलेली, आषाढात, कोरडी ठणठणीत.

"कौलां बघूक इलंस?" काकी म्हणाल्या. "कौलां वर आसतत रे. तू भिंतीकडे बघतंस."

लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं की भिंत तापते आणि ती माझ्या कामामुळे तापते. भट्टीची पाठ सोडवतो, मधे वीतभर जागा ठेवतो, फावड्याचं काय ते बघू, पण भट्टी फोडायला लावू नका.

"हात लावू नको."

"काकी, तुमीच म्हणालास, थंयचां काय एक ह्या बाजूक इलां तर."

"धूर म्हणालंय. राख म्हणालंय. उबेक कसलो विटाळ?" त्यांनी नातवाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "सकाळी ती पेटयता, ती ऊब सांजच्याक माझ्या पाठीक येवन पोचता. गेल्या पावसात गुडघे धरले, माका तुळशीपर्यंत जावक मिळा नाय. औंदा रोज जातंय."

मी निघायला वळलो.

"तिका सांगू नको," त्या म्हणाल्या. "कळलां तर माझ्यासाठी रोज पेटयत बसतली. अंगावर पिणारां पोर आसा. दमतली."

बाहेर येऊन मी दत्तारामला सांगितलं की भट्टीची पाठ आता सोडवता येत नाही, सोडवली तर घुमट खाली येईल. आणि आईला कळलंय, तिची हरकत नाही. घुमटाचं खोटं होतं. माझा घुमट असा खाली येत नाही. पण दुसरं काय सांगणार होतो? दत्तारामने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जसं मास्तर नापास पोराकडे बघतो. ते मी गिळलं. पुढे मालवणच्या बाजारात बाबल मेस्त्रीची भट्टी भिंत तापवते अशी कुजबुज झाली, तीही गिळली. मला हे सोपं गेलं असं कोणी समजू नये.

निघताना भट्टीच्या खोलीत डोकावलो. भट्टी रसरसून पेटलेली. पण फावडं खुंटीला टांगलेलं, परात कोरडी, पिठाचा कुठे कण नाही. शालन तोंडापाशी बसून लाकूड सारत होती.

"आज पाव नाय, वैनी?"

"ना," ती म्हणाली. "लाकडां वली आसात. सुकयतां."

लाकडं सुकवायला लाकडं जाळतात, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. मी मागच्या भिंतीकडे बघितलं. तिनेही बघितलं. मग तिने कालचे दोन पाव कागदात बांधून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, मेस्त्री, एस.टी. चुकेल.

त्याच वर्षाच्या शेवटाला गोवा सुटला. शालन पोराला घेऊन माहेरी गेली. दत्ताराम सांगत होता, काकी बेड्यापर्यंत पोचवायला आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पावसाआधी ये गो." ती शिमग्यालाच परत आली. काकींनी मरेपर्यंत पावाचा तुकडा तोंडात घातला नाही, की त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. आणि पावसाळ्यात भट्टी एक दिवस थंड पडली नाही.

भट्टी बांधणाऱ्यांसाठी सांगतो. भट्टी आणि घराची भिंत यांच्यामधे वीतभर जागा मोकळी सोडावी, म्हणजे आंच हवेत जाते, भिंत तापत नाही. पुढच्या सगळ्या भट्ट्यांना मी ती सोडली. फक्त सुंभ ताणण्याआधी एक विचारून घ्यायचो, घरात कोणाचे गुडघे धरतात का.