पाठीतली नळी आणि खिडकीतले दत्त

मी मोजूनमापून विश्वास ठेवणारा माणूस. रोज पूजा करतो, पण हाक मारली की देव येतो का, याबद्दल मनात शंका होतीच. गेल्या हिवाळ्यात इथे परदेशात, श्रूजबरीला आमच्या ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून आई घसरली आणि तिचा घोटा मोडला. वय अठ्ठ्याहत्तर, त्यात हृदयाची झडप अरुंद, म्हणून पूर्ण भूल देणं धोक्याचं होतं. डॉक्टरांनी मणक्यात शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक नळी घातली आणि तिच्यातून थेंब थेंब औषध देत ऑपरेशन पार पाडलं.

दुसऱ्या दिवशी नळी काढायला दुसरे, तरुण डॉक्टर आले. खिडकीत मी दत्ताची तसबीर ठेवली होती, म्हणून आई तिकडे तोंड करून कुशीवर पडली होती. नळीवर दर सेंटिमीटरला खूण असते. दोन खुणा बाहेर आल्या आणि नळी अडली. जरा ओढल्यावर ती रबरासारखी ताणली गेली. डॉक्टर थांबले. "आणखी ओढली तर तुटेल. तुकडा आत राहील."

"आत किती आहे?"

"सहा सेंटिमीटर."

एवढ्यात कॉटजवळचा, नळीत औषध सोडणारा पंप न्यायला एक वयस्कर नर्स आत आली. क्षणभर बघून तिने विचारलं, "घालताना त्या कशा बसल्या होत्या?" डॉक्टरांनी नोंद पाहिली. कॉटच्या कडेला बसून, पाठ वाकवून. "मग तशाच बसवा. ओढू नका."

खिडकीकडचा कठडा खाली होत नव्हता; दुसऱ्या कडेला बसायचं म्हणजे तोंड दाराकडे येणार. आई अडून बसली. "अरे, देवाला पाठ कशी दाखवू?"

"आई, नळी तुटेल गं."

मी तसबीर उचलायला निघालो, तर तीच म्हणाली, "राहू दे. आज त्याला माझी पाठच बघायची असेल."

ती उठून बसली, नर्सच्या खांद्यावर कपाळ टेकून वाकली. डॉक्टरांनी नुसतं बोट लावलं, तशी नळी सुटून आली. तिचं टोक शाबूत होतं. मी मागून घेतली, मोजपट्टीवर ठेवून खुणा दोनदा मोजल्या. वर पाहिलं तेव्हा नर्स पंप घेऊन गेली होती. तिच्या मजल्यावर पंप कमी पडला म्हणून ती आली होती, एवढंच कळलं.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. पंप दुसरीकडे मिळाला असता तर, हा प्रश्न मात्र सुटत नाही. इतक्या वर्षांच्या पूजेत जे मला जमलं नव्हतं, ते आईने दोन मिनिटांत केलं. देव दिसत नसताना ती मान खाली घालून निवांत बसली. त्या अनोळखी बाईला मी रोज मनातल्या मनात नमस्कार करतो.