आकारामची टेहळणी

ब्रह्मदेशच्या लढाईवरून आकाराम पंचेचाळीस सालच्या दिवाळीत वडूजला परतला, तो मुका झाल्यासारखाच. हातपाय धड होते, पण भांडं पडलं तरी दचकायचा आणि दिवसदिवस कुणाशी बोलायचा नाही. बायको राहीबाईनं अंगारेधुपारे करून पाहिले. शेवटी म्हशी राखायला म्हणून ती त्याला गावाबाहेरच्या तळ्यावर धाडू लागली.

फाल्गुनात तळं आटून काठाला चिखल उघडा पडला. सकाळी तिथं तिघंजण पाखरं बघायला येत: सांगलीकडून बदलून आलेले अजितकुमार मास्तर, त्यांची बायको गुणमाला आणि नानासो शिंपी. तिघांत मिळून दुर्बीण एकच. हिवाळ्यात आलेले तुतवार आणि चिखल्या आता उत्तरेला परत निघायचे होते. लांबच्या वाटेआधी या चिखलातले किडे टिपून पोट भरून घेत. मास्तर रोज त्यांची मोजदाद वहीत लिहीत.

आकाराम आठवडाभर लांबूनच बघत राहिला. एकदा नानासो म्हणाला नव्वद, मास्तर म्हणाले एकशे दहा. मागून आवाज आला, "एकशे सदतीस. पल्याडच्या ढेकळांत बसल्यात, ती सुटली तुमची."

मास्तरांनी दुर्बीण लावून पुन्हा मोजलं. आकडा बरोबर होता. पलटणीत आकारामचं कामच टेहळणीचं होतं. त्या दिवसापासून मोजायचं काम त्याच्याकडं आलं.

चैत्र लागला आणि एका सकाळी समोरच्या काठावर कुणा शिकाऱ्यानं बार काढला. थवा उठला. आकाराम डोकं हातांत धरून चिखलात पालथा पडला. त्याला कुणी उठवायला गेलं नाही. गुणमालाबाईंनी पदर खोचला आणि त्या त्याच्याशेजारी चिखलातच बसल्या. मग मास्तर बसले, नानासो बसला. माणसं हलेनात, तशी पाखरं हळूहळू परतली. एक तुतवार तर हातभर अंतरावर चिखल टोचू लागला.

आकारामनं मान वर केली आणि तुटक तुटक सांगितलं. पलटणीतला त्याचा जोडीदार, कडेगावचा नाथाजी, आकारामच्या टेहळणीच्या भरवशावर पुढं गेला होता. झाडीत दबा धरून बसलेली जपानी माणसं आकारामला दिसली नव्हती. नाथाजी परत आलाच नाही.

नानासोनं दुर्बीण त्याच्यापुढं सरकवली. मग गुणमालाबाई म्हणाल्या, "उद्याबी या, भाऊ. तुमी नसला तर आमाला निम्मी पाखरं दिसत न्हाईत."

तो आला. रोज येत राहिला. चैत्री पुनवेच्या आगेमागे एका सकाळी चिखल रिकामा दिसला. थवा गेला होता. घरी येऊन आकारामनं राहीबाईला सांगितलं, आज तिघांना जेवायला बोलवायचं. मास्तर जैन म्हणून तिनं कांदालसूण न घालता मटकी केली आणि दिवस मावळायच्या आत पानं वाढली. आकाराम स्वतः आग्रह करकरून वाढत होता.

निघताना मास्तरांचे हात धरून तो म्हणाला, "तुमी मला मानसांत आनलंसा."

राहीबाई चुलीपाशीच उभी होती. तिनं वाटेला लागलेल्या त्या तिघांना लांबूनच हात जोडले.