घरटी एक बाई

तुमच्या आईला भरल्या सभागृहात स्टुलावर बसवलं, दुसऱ्याच बाईच्या नावानं हाक मारली, आणि तिनं मान खाली घालून त्या हाकेला ‘व्हय’ म्हटलं, तर तुम्ही काय कराल?

माझ्या आईला बसवलं होतं. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात. समोर पायऱ्यांसारखी चढत गेलेली बाकं आणि बाकांवर पांढरे कोट. मी नववीत होते. सोबतीला म्हणून आले होते आणि दाराशी उभी होते.

आईच्या झंपराची बाही घट्ट होती. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर चढेना. मदतनीस म्हणाला, “हुक काढा.”

आई थांबली.

“अहो, काढा. इथं कोण बघतंय?”

सगळेच बघत होते. आईनं पदर दातात धरला आणि हुक काढले. पट्टा फुगला, सुटला. डॉक्टरांनी आकडा मोठ्यानं सांगितला. बाकांवरून कौतुकाचा आवाज आला. फळ्यावर एक रेघ काढलेली होती, वरून खाली उतरत जाणारी. डॉक्टरांनी रेघेच्या टोकावर काठी टेकवली आणि तीच काठी आईकडे केली.

“सुगंधाबाई, उभ्या राहा बघू.”

आई मान खाली घालून ‘व्हय’ म्हणाली आणि उभी राहिली. हलली. तिनं स्टूल धरलं.

“काही त्रास?”

“उठले का डोळ्यांपुढं काळोख येतो, साहेब.”

“नो कंप्लेंट्स,” डॉक्टर बाकांकडे बघून म्हणाले. माझं इंग्रजी कच्चं होतं, पण एवढं मला कळलं.

कुणीतरी विचारलं, ही बाई खाते काय? डॉक्टर हसले. “भात, सुकी मासळी आणि साहेबाची भीती.” सभागृह हसलं. आणखी कुणीतरी विचारलं, एवढी माणसं दर आठवड्याला न चुकता येतात कशी? आमच्याकडे तर दुसऱ्या खेपेला कुणी तोंड दाखवत नाही.

“ती माझ्या गावची आहेत,” डॉक्टर म्हणाले. “निरोप गेला की येतात. पिढ्यान् पिढ्या येतायत.”

आई हसणाऱ्यांकडे बघून हसली. आपल्याला काहीतरी चांगलं म्हणाले असतील, असं तिला वाटलं.

सुगंधा हे माझ्या काकीचं नाव. आईचं नाव मंजुळा.

हे कसं झालं ते सांगते.

आमचं गाव गडब आणि कासूच्या मधलं. भाताचं गाव, भातानंतर वालाचं. उधाणाच्या पाण्यानं खाडीकाठच्या खारीचा बांध फुटला की गावात हाळी फिरते, “घरटी एक माणूस!” म्हणजे प्रत्येक घरातून एकानं टोपली घेऊन बांधावर जायचं. कोण गेलं हे कुणी विचारत नाही. घरातलं एक डोकं दिसलं की झालं. ही आमची रीत. ती आमची स्वतःची आणि चांगली रीत होती. पण खोतांनी ती आपल्या कामाला जुंपली. त्यांच्या घरी लग्न असो की पेंढा रचायचा असो, तीच हाळी यायची. कायदा आला, कुळांच्या नावावर जमिनी झाल्या, खोतांची मुलं पेणला मास्तर झाली, शहरात वकील आणि डॉक्टर झाली. हाळी मात्र गावाच्या कानात तशीच राहिली.

कंपनीतही तेच. बाबा रोह्याला कंत्राटावर होते. ताप आला तर शिफ्टला काकाला पाठवायचे. मुकादम गेटवर मुंडकी मोजायचा. चेहरे कोण मोजतं? त्याच गेटवर युनियनची माणसं पत्रकं वाटायची. बाबा त्यात उरलेली भाजी-भाकरी बांधून परत आणायचे. तेलाचे डाग पडलेली ती पत्रकं वाचत मी वाढले.

तर खोतांचा धाकटा मुलगा शहरात मोठा डॉक्टर झाला होता. रक्तदाबावर नवं औषध आलं होतं. ते माणसांना लागू पडतं का, हे बघायचं होतं. त्यासाठी माणसं हवी होती. त्यांनी जुन्या वळणानं गावात निरोप धाडला, दर गुरुवारी शाळेसमोर त्यांची गाडी येऊ लागली, आणि हाळी फिरली. घरटी एक.

पहिल्या खेपेला काकी गेली. सडपातळ, काळी, बोलायला फटकळ. तिचा रक्तदाब फार वर निघाला. तिचं नाव लिहून घेतलं, एवढंच. तुला काय झालंय, औषध नाही घेतलंस तर काय होईल, हे कुणी सांगितलं नाही. काकी घरी येऊन म्हणाली, “दंड आवळला नि सोडला. गुरुवारी परत यायचाय म्हणं.”

पण गुरुवारपर्यंत लावणी सुरू झाली. रोपं लावायला काकीसारखा हात गावात दुसरा नव्हता. आईच्या पायात खुटा घुसून टाच सुजली होती, ती चिखलात उतरू शकत नव्हती. मग जाणार कोण? जिच्यावाचून अडत नाही ती. घरटी एक.

आईनं तिथं काही लपवलं नाही. गाडीपाशी जाऊन तिनं सरळ सांगितलं, “मी सुगंधा नाय, तिची जाव. ती लावणीला गेलेय.”

मदतनिसानं मान वर केली नाही. “घर तेच ना? मग बसा. हात द्या.”

आणि मग गोळी. ती तिथंच, त्यांच्या देखत गिळायची. “तोंड उघडा. जीभ वर करा. आता खाली.” बाजारात बैलाचे दात बघतात तसं. नंतर आठवड्याच्या गोळ्या पुडीत बांधून द्यायचे. आईनं त्या देवाच्या प्रसादासारख्या नेमानं घेतल्या. डॉक्टरांनी दिलेलं टाकायचं नाही, ही आमच्या बायकांची शिस्त.

काकीला घेऊन जा, असं आईनं घरात म्हटलं नाही असं नाही. काकी उडवून लावायची. “माझा डोका दुखतो तो उन्हानं, गो. नि तू जातेस ना? आपल्या घराचा माणूस मोजला ना? मग झाला.”

पावसाळाभर असंच चाललं. काकीच्या नाकातून रक्त येऊ लागलं, ती नाकाला तंबाखूची मिश्री लावायची आणि रक्त थांबलं की पुन्हा कामाला. आणि धडधाकट आई घरात भिंत धरून चालू लागली. एकदा विहिरीवर कळशी उचलताना कोसळली. एकदा बांधावरून भाताच्या पाण्यात पालथी पडली. शेजारच्या आजोबांनी केसाला धरून ओढली नसती तर वीतभर पाण्यात बुडून मेली असती. बायका म्हणाल्या, बाहेरचं लागलंय. आईनं गाडीपाशी सांगितलं, “साहेब, मी पडते.” मदतनीस म्हणाला, “म्हणजे औषध लागू पडतंय.”

फळ्यावरची ती उतरती रेघ अशी तयार झाली होती. सुरुवात काकीच्या रक्ताची. शेवट आईच्या.

आता पुन्हा त्या इस्पितळात चला. सभा संपली. व्हरांड्यात डॉक्टर चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर गेले.

“डॉक्टर, ही माझी आई आहे. सुगंधा माझी काकी. ती घरी आहे. तिला एकही गोळी मिळाली नाही.”

त्यांनी आईकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

“कधीपासून?”

“दुसऱ्या खेपेपासनं,” आई म्हणाली. “मी सांगितलं व्हतं.”

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आवाज खाली आणला.

“आणखी कुणाला बोललीस?”

“नाही.”

“बोलू नकोस. आता मध्येच बदललं तर सगळंच वाया जाईल. थोडंच राहिलंय. पुढच्या गुरुवारी गोळी जरा वाढवायची आहे. आईलाच पाठव.”

“आणि काकी?”

“तिचं बघू मागाहून.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. “हुशार आहेस. पुढं शिकायचं आहे ना? आपलीच माणसं आहात तुम्ही.”

बशीतली बिस्किटं त्यांनी आईच्या ओंजळीत ओतली. आईनं ती पदराला बांधली. परतीला वडखळच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा ती मला म्हणाली, “गोड बोलले ना गो? चिडले नाय.”

माझ्या डोक्यावरून तो हात अजून हलला नव्हता. जड. थंड. मी घरी येऊन न्हाले तरी तो तिथंच होता.

घरी सगळं सांगितलं. बाबांनी काकीला पेणला न्यायचं ठरवलं, झोडणी आटोपली की. झोडणी आटोपली नाही. बुधवारी काकी खळ्यावर भाताचा भारा डोक्यावरून उतरवत होती आणि भाऱ्यासकट खाली आली. तोंड एका बाजूला गेलेलं. उजवा हात, गावातला सगळ्यात जलद हात, मेलेल्या माशासारखा पडलेला. ती काहीतरी सांगत होती, आणि आम्हाला एकही शब्द लागत नव्हता. बाबा आणि काका टेम्पो शोधायला हायवेला धावले. टेम्पो मिळेना. झोडणीच्या दिवसांत सगळे भात वाहत होते. सकाळ उजाडली तरी काकी ओटीवरच होती.

सकाळ गुरुवारची. हाळी आली. घरटी एक.

या खेपेला डॉक्टर स्वतः आले होते. आई उठली. केस बांधले. पदर सारखा केला.

“कुठं चाललीस?” मी ओरडले.

“त्यांच्या हातात इस्पितळ हाय, पोरी. गेले नाय तर सुगंधीला खाट कोण देईल?”

मी तिच्या मागोमाग गेले. शाळेसमोर गाडी, गाडीसमोर रांग. आईनं हात जोडले. “साहेब, माझी जाव पडलेय. वारा गेलाय तिच्या अंगावरनं. गाडीतनं नेता का?”

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. “नेतो ना. आधी हे उरकू. बसा, सुगंधाबाई.”

सुगंधाबाई! सुगंधा तिकडे ओटीवर पडली होती आणि हे उरकत होते. मदतनिसानं आईच्या दंडाला पट्टा गुंडाळला. गोळी तिच्या तळहातावर ठेवली. नेहमीपेक्षा मोठी होती. आई ती तोंडाशी नेऊ लागली.

मी पट्टा ओढून काढला. चर्र आवाज झाला. सगळी रांग माझ्याकडे वळली.

“ही सुगंधा नाही. यांना माहीत आहे. मी यांना शहरात सांगितलंय. काकीचं औषध आईला घालतायत, आणि काकी मरायला टेकलेय!”

डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. रांगेकडे बघून म्हणाले, “हिच्या घरात बोलायला कुणी मोठं माणूस नाही का?”

माझी आई कधी खोतांच्या माणसासमोर मान वर करून बोलली नव्हती. तिनं तळहातावरची गोळी बघितली. मग ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

“हाय ना,” ती म्हणाली. “मीच हाय. मंजुळा माझा नाव. घ्या तोंडानं एकदा.”

डॉक्टरांनी नाव घेतलं नाही.

रांगेतून एक म्हातारी पुढे झाली. “माझाबी सांगून ठेवते. मी सुनेच्या जागेवर येते. ती बाळंतीण हाय.” मागून आवाज आला, “मी भावाच्या बदली.” “मी सासऱ्याच्या. त्यांना चालवत नाय.” कुणीतरी हसलं. “मंग बाबा, खरा आजारी हाय कोण हितं?” आणखी चौघं हसली, आणि मग कुणीच हसेना. प्रत्येकजण आपल्या पोटात आजवर काय गेलं असेल, ते आठवू लागला.

गाडीचं दार लागलं. काकीला न घेता गाडी गेली. गेली तीही परत शहराकडे नाही, पुढच्या गावाकडे. धूळ बसायच्या आत पुढच्या गावात हाळी फिरली असेल.

काकीला बाबांनी दुपारी भाताच्या टेम्पोतून पेणच्या सरकारी दवाखान्यात नेलं. जीव वाचला. हात नाही. वाचा नाही. तिथल्या बाई डॉक्टर म्हणाल्या, रक्तदाबाची साधी गोळी वेळेवर सुरू असती तर ही वेळ बहुतेक आली नसती. साधी. जुनी. कुठल्याही दवाखान्यात मिळणारी. आईला येणारी चक्कर गोळ्या थांबल्यावर गेली.

मोठ्या डॉक्टरांना काही झालं नाही. चौकशी झाली नाही. आमच्या सरपंचानं माझ्या बाबांनाच समज दिली.

औषधाशी आमचं वैर नाही, हे नीट ऐका. संशोधनाशीही नाही. काकी औषधावाचून पडली, औषधानं नाही. आमचं वैर आहे त्या हाळीशी, जिला माणूस नको असतो, डोकं हवं असतं. ज्याला आमचा चेहरा बघायची गरज वाटत नाही त्याला आमचं रक्त मागायचा हक्क नाही. मी आता रोह्याला राहते. हे पत्रक मी स्वतः छापते आणि स्वतः वाटते, कंपन्यांच्या गेटवर, वडखळच्या नाक्यावर, कासूच्या फलाटावर. मला धमक्या आल्या आहेत. मी वाटणं थांबवलेलं नाही आणि थांबवणार नाही.

तुम्हाला एकच मागणं आहे. हे वाचून झालं की घरात जा. तुमची आई, सून, जाऊ, जी कुणी अशा गाडीपाशी जात असेल तिच्याजवळ बसा. विचारा, कुठली गोळी घेतेस, कशासाठी घेतेस, कुणाच्या नावावर घेतेस? तिला सांगता आलं नाही तर पुढच्या खेपेला तिला एकटी पाठवू नका. तिच्याबरोबर रांगेत उभे राहा. आणि गोळी देणाऱ्यानं तिचं स्वतःचं नाव घेऊन, तिला कळेल अशा बोलीत उत्तर देईपर्यंत तिचा हात त्याच्या हातात देऊ नका.