आईची भिंत

कोल्हापुरात मी किती घरं रंगवली, पण शिवाजी पेठेतल्या आमच्या घराला ब्रश लावायला मला सवड झाली नाही. बाहेरच्या सोप्यापासून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या भिंतीचे पोपडे निघाले होते. काचबिंदूनं आईची नजर गेलेली; तिला कुठं दिसतंय, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. माझ्याबरोबर काम करणारा कबनूरचा मित्र चहाला आला की टोचायचा, "लोकांच्या भिंती आरशावानी करतोस आणि आईला असल्यात ठेवलंस व्हय?"

गेल्या दिवाळीआधी आईला माझ्या बहिणीकडं शिरोळला पाठवलं आणि काम काढलं. पोपडे खरवडले तसे जुने रंग वर आले. पिस्ता, निळा, तळाशी चुना. मधे वडिलांच्या सायकलीच्या हँडलनं पडलेला खळगा होता. पावसात ते सायकल आत घ्यायचे, आई ओरडायची, तरी तिथंच टेकवायचे. ते गेल्यावर सायकल मागच्या पडवीत गेली, खळगा राहिला. मी तो लांबीचा लगदा भरून बुजवला, पॉलिश पेपरनं घासला आणि भिंतीला नवा रंग दिला. भिंतीलगत बल्ब धरून पाहिलं, कुठं सावली नाही. असं काम मी कुणाकडंच केलं नव्हतं.

आई आली. भिंतीला हात लावत पाणी घ्यायला निघाली, ती स्वयंपाकघराचं दार सोडून पुढं न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळली.

"माझी भिंत कुठं गेली रं?"

"हीच की, आई."

"ही न्हवं. त्यांचा खळगा हाताला लागला की म्होरं दार. गुळगुळीत करून ठेवलंस सगळं."

त्यानंतर ती बसल्या जागेवरून हाक मारायची, "पाणी दे रं बाबा." जन्मात तिनं कुणाकडं पाणी मागितलं नव्हतं. ती हाक मला ऐकवेना.

शेवटी छिन्नी-हातोडी घेतली. मित्र ओरडला, "ताज्या रंगावर? येड लागलंय का तुला?" पण खळगा नेमका कुठं होता, मलाच आठवेना.

"सायकल आण की त्यांची," आई म्हणाली.

गंजलेली सायकल मित्रानंच आणली, चाकांत हवा भरली आणि आईनं सांगितलं तिथं, दाराच्या अलीकडं, भिंतीला टेकवली. हँडल लागलं तिथं मी छिन्नी धरली. आईनं बोट घालून पाहिलं.

"आनखी जरा."

मी आणखी टोकरलं. तिनं पुन्हा चाचपलं, बोटांची धूळ पदराला पुसली आणि कुणाला हाक न मारता आत गेली. माठावरचं झाकण वाजलं.