निफाडची थंडी आणि मामाचा चौथा गिअर

इनासमामाचा फोन आला तेव्हा मी अर्नाळ्याला निघालो होतो. कशासाठी, ते आता आठवत नाही. कॉलेज सोडल्यापासून नातेवाईकांत माझी ओळख 'तो मोकळाच आहे' अशी आहे, त्यामुळे कुणाला सोबत लागली की पहिला नंबर माझा. मामा म्हणाला, निफाडला चल, मोठ्या मावशीला आवतण द्यायचंय. कपडे किती दिवसांचे घेऊ, एवढंच मी विचारलं.

वसईबाहेरच्यांसाठी सांगतो. नाताळच्या आधीचे चार आठवडे आमच्यात लग्नं होत नाहीत. सगळी लग्नं जानेवारीत, आणि डिसेंबर जातो आवतणं देण्यात. ते घरातल्या थोरल्या माणसाने स्वतः दारात जाऊन द्यायचं. फोनवर सांगितलेलं कुणी धरत नाही. पत्रिका पोस्टाने आली तर लोक लग्नाला येतात, पण पुढची वीस वर्षं ऐकवतात. मामाच्या लीनाचं लग्न जानेवारीत होतं आणि मोठी मावशी, म्हणजे मामाची थोरली बहीण, राहते निफाडजवळ. तिचे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते, निवृत्त होऊन तिथेच राहिले.

एसटीने जाता आलं असतं. पण मामाला त्याच्या गाडीनेच जायचं होतं, आणि गोष्ट तिथेच अडली होती.

मामाचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. तरुणपणी विहिरीच्या कामात वरून दगड आला, तेव्हापासून तो पाय काठीसारखा सरळ. क्लच दाबता येत नाही म्हणून मामाने मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबाची जुनी जपानी गाडी घेतली. ऑटोमॅटिक. क्लच नाही, दोनच पेडल, आणि दोन्ही उजव्या पायाने. गिअर गाडीच बदलते. गाडी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणजे गाडीच्या हिशेबाने म्हातारी. पण गासपासून आगाशीपर्यंत मामाला कुणी 'मी सोडतो' म्हणत नाही, तो दुसऱ्यांना सोडतो.

दोन हिवाळ्यांपासून ती सकाळी त्रास द्यायला लागली होती. तिसऱ्या गिअरपर्यंत नीट, चौथा पडतच नाही. इंजिन नुसतं ओरडत राहतं. उन्हाळा आला की सगळं ठीक. मामाचा मुलगा विल्सन कामावर सुट्ट्या टाकून, ड्रायव्हर लावून ती तीन गॅरेजांत फिरवून आला. तिघांनीही गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं, आणि असला गिअरबॉक्स आता कुठे मिळतो? शेवटी विल्सनने भंगारवाल्याशी बोलणी केली. तो रविवारी येणार होता. विल्सन वाईट नाही. हायवेवर बाप अडकून पडला आणि पाय तसला, ह्या विचाराने त्याला झोप येत नव्हती.

बापलेकांत ठरलं ते असं: गाडी निफाडला जाऊन स्वतःच्या चाकांवर परत आली तर राहील. टोचन लावून ओढून आणावी लागली तर रविवारी जाईल. सोबत मी. का, तर धक्का मारायला.

गुरुवारी सकाळी सातला निघालो. नालासोपाऱ्यातून बाहेर पडून हायवेला लागेपर्यंत पाऊण तास गेला. इतरांनी सहाच्या आत निघावं. डिकीत मावशीसाठी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी होती, केळीच्या सोपात बांधलेली. त्या वासाने मनोरपर्यंत मी दोनदा डिकी उघडायला लावली. मनोरला वडा-उसळ खाल्ली, मग उजवीकडे वळून विक्रमगड, जव्हार. रस्ता अरुंद आहे, पण वाहनं कमी. डिसेंबरात दोन्ही बाजूंना गवत सोनेरी झालेलं असतं आणि भाताची उडवी रचलेली दिसतात.

घाटात गाडी अशी शहाण्यासारखी चालली की मामा गुणगुणायला लागला. चौथा गिअर पडला की आवाज एकदम खाली बसतो. तो बसला की मामा माझ्याकडे बघायचा.

जव्हारला खानावळीत नाचणीची भाकरी आणि वालाची उसळ मिळाली, पस्तीस रुपयांत पोट भरलं. तिथे एकजण म्हणाला, दाभोसा धबधबा जवळच आहे. झालं. मामाने डोक्याला हात लावला, पण गाडी वळवली. धबधब्याला पाणी बेताचंच होतं, खालचा डोह मात्र हिरवागार. मी पायऱ्या उतरून गेलो, मामा वर गाडीत बसून राहिला. परत आलो तेव्हा तो बॉनेट उघडून एका गुराख्याला इंजिन दाखवत होता. तुम्ही गेलात तर पाण्याची बाटली न्या, वर चढताना जीव जातो. ह्या सगळ्यात आमचे दोन तास गेले आणि त्याची किंमत संध्याकाळी कळली.

मोखाडा, त्र्यंबक करत नाशिक ओलांडलं तेव्हा उन्हं गेली होती. पुढे निफाडचा रस्ता सरळ, सपाट. आता गाडी पळेल असं मला वाटत होतं, आणि नेमका तिथेच चौथा गिअर गेला. होता, आणि नाहीसा झाला. इंजिन किंचाळायला लागलं. मामाने वेग कमी केला, वाढवला, दांडा मागेपुढे केला. काही नाही. खिडकीच्या फटीतून येणारा वारा सुरीसारखा होता. घाट चढून आलेली गाडी सपाटीवर का रडते, ते दोघांनाही कळेना. मागून येणारे ट्रक हॉर्न देऊन पुढे जात होते. आम्ही पन्नासच्या वर गेलोच नाही.

मावशी ओट्यावर शाल गुंडाळून उभी होती. मामाने आधी लंगडत जाऊन रीतीने आवतण दिलं, लीनाचं नाव घेऊन, नवऱ्याचं नाव घेऊन, तारीख सांगून. मावशी उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली आणि ऐकत होती. मग म्हणाली, "इतक्या लांबून ह्या पायाने आलास रे." मामा म्हणाला, "पायाने कुठे, गाडीने आलो." पण त्या बोलण्यात जोर नव्हता.

निफाडची थंडी मी ऐकून होतो. अंगावर घेतली ती शुक्रवारी सकाळी. नळाचं पाणी बोटाला चावत होतं. आजूबाजूच्या द्राक्षबागांत शेकोट्यांचा धूर खाली खाली लोळत होता. वेलींवरचं दव गोठू नये म्हणून लोक पहाटेपासून जाळ करतात. मावशीने बाजरीची भाकरी आणि लसणाचं तिखट दिलं. त्या थंडीत ते पोटात गेल्यावर मला पहिल्यांदा पाय असल्याची जाणीव झाली.

मामा एकटाच गाडी घेऊन गेला आणि अर्ध्या तासाने आला. पंधरा किलोमीटर जाऊन आलो, म्हणाला, चौथा एकदाही पडला नाही. ओट्यावर बसून त्याने डाव्या गुडघ्यावर हात फिरवला.

मग म्हणाला, "विल्सनला फोन लाव. सांग, रविवारची वाट बघू नको. भंगारवाल्याचा माणूस इथेच पाठव. आपण एसटीने जाऊ."

मावशीने आत जाऊन चहा ठेवला. मला तो फोन लावायचा नव्हता. रेंज नाही म्हणालो आणि रेंज शोधायच्या निमित्ताने बाहेर पडलो. रेंज दारातच होती.

समोरच्या बागेत एक टेम्पो उभा होता. मालक, सोपानराव म्हणून पन्नाशीचे, डोक्याला मफलर बांधून टेम्पोच्या जाळीमागे पुठ्ठा सरकवत होते. गेल्या हंगामातल्या द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा, त्यावर घडाचं चित्र. अशा वेळी पुढे जाऊन विचारल्याशिवाय मला राहवत नाही. फोन राहिला बाजूला.

मी म्हटलं, हे कशाला? ते म्हणाले, रेडिएटरला गार वारा लागला की इंजिन तापतच नाही, डिझेल पिऊन बसतं. थंडीचे दोन महिने पुठ्ठा लावायचा, ऊन चढलं की काढायचा. मग मी त्यांना मामाच्या गाडीचं सगळं सांगितलं, घाटात शहाणी आणि सपाटीवर वेडी, ते सुद्धा. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, चला, बघू तरी.

मामाला परक्या माणसाने बॉनेटला हात लावलेला आवडत नाही. पण आता लपवायचं काय राहिलं होतं? सोपानरावांनी गाडी सुरू करायला लावली, दहा मिनिटं तशीच ठेवली, मग वाकून आत तापमानाचा काटा बघितला. तो तळाला होता. त्यांनी इंजिनमधून रेडिएटरला जाणारा वरचा पाइप हातात धरला.

"हे काय कोमट झालंय आताच," ते म्हणाले. "बाबा, ह्यातला थर्मोस्टॅट कुठंय?"

मामा आरसा पुसायला लागला.

सोपानराव मला समजावून सांगायला लागले. इंजिन तापेपर्यंत पाणी आतच अडवून धरायचं, ही त्या थर्मोस्टॅटच्या झडपेची कामगिरी. ती नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं आणि थंडीत इंजिन थंडच राहतं. त्यांच्या चुलत्याच्या गाडीत हेच झालं होतं. इंजिन तापल्याशिवाय असल्या गाड्या वरचा गिअर टाकतच नाहीत, बनवणाऱ्याने तशीच सोय केलेली असते. घाटात इंजिनवर जोर पडतो, ते तापतं, म्हणून गिअर पडतो. सपाटीला वारा लागला की गार.

"गिअरबॉक्स बरा दिसतोय तुमचा," ते म्हणाले. "गाडीला थंडी वाजतीय."

त्यांनी आणखी एक पुठ्ठा फाडून आमच्या रेडिएटरसमोर अर्धा भाग झाकेल असा बसवला. काट्यावर डोळा ठेवा, म्हणाले, अर्ध्याच्या वर गेला तर थांबून काढा, नाहीतर उकळेल. पैसे विचारले तर हसले. मामाने डिकीतली उरलेली सुकेळी त्यांच्या हातात दिली. ती मावशीची होती, पण मावशीने मानेनेच 'दे' म्हटलं.

गाडी पारखायला आम्ही दोघे नाशिकच्या रस्त्याला लागलो. मी नुसता काट्याकडे बघत होतो. पाच किलोमीटर काही नाही. सहाव्याला काटा हलला. पाव भाग. आणखी थोडा. गाडी साठवर होती, इंजिन ओरडत होतं, आणि मग आवाज एकदम खाली बसला.

मामाने दोन किलोमीटर गाडी साठवरच ठेवली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाला, "तो थर्मोस्टॅट मीच काढायला लावला होता."

आठ वर्षांपूर्वी, मे महिन्यात, मामीच्या माहेरची माणसं गाडीत असताना वसईच्या किल्ल्याच्या रस्त्यावर गाडी उकळली. सगळ्यांना रिक्षाने जावं लागलं. दुसऱ्या दिवशी मामा मिस्त्रीकडे गेला आणि म्हणाला, ती झडप काढून टाक. मिस्त्री नको म्हणत होता. मामा म्हणाला, वसईत कसली आलीय थंडी? आमच्याकडे अर्ध्या गावाने त्या काढल्या आहेत, आणि बारा महिने घाम गाळणाऱ्या गावात ते खपूनही जातं. पुढे मिस्त्री दुकान बंद करून गेला आणि ती गोष्ट मामाच्या पोटात राहिली. पहिले हिवाळे सौम्य गेले, थंडी वाढली ती गेल्या दोन वर्षांत, म्हणून विल्सनने तीन गॅरेजं केली तेव्हा मामाच्या मनातही आलं नाही की ह्याचा त्याच्याशी काही संबंध असेल.

"विल्सनला काय सांगायचं?" मी विचारलं.

"तेच बघतोय," मामा म्हणाला.

शनिवारी मावशीचा निरोप घेऊन नाशिकला जुन्या सुट्या भागांच्या गल्लीत गेलो. आमच्या गाडीचा थर्मोस्टॅट मिळाला नाही. दुसऱ्या कुठल्याशा गाडीचा, त्याच मापाचा मिळाला. तिथल्या मिस्त्रीने दीड तासात बसवला, सामान-मजुरी मिळून चारशेच्या आत. पुठ्ठा काढला. काटा दहा मिनिटांत मधोमध येऊन बसला आणि जागचा हलला नाही. मिस्त्री गाडी बघून म्हणाला, काका, इंजिन मस्त ठेवलंय. मामा लाजला. मी त्याला लाजताना पहिल्यांदा पाहिलं.

परतीला कसारा घाट घेतला, भिवंडीवरून कामण, चिंचोटी. ह्या शेवटच्या पट्ट्यात रस्ता कमी आणि खड्डे जास्त, कंबर सांभाळा. चौथा गिअर पडत होता, सुटत होता, पुन्हा पडत होता, जिथे पाहिजे तिथे. मामा मात्र चिंचोटीपासून गाडी हळूच चालवायला लागला.

गासला मामाच्या घरी पोचलो तेव्हा विल्सन दारातच होता. त्याने आधी बापाकडे बघितलं, मग गाडीच्या मागे टोचन आहे का ते. मामा उतरला, दाराला धरून उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. मीच काढायला लावला होता, हे पहिल्यांदा सांगितलं. मला वाटलं, आता भांडण. विल्सनने तीन सुट्ट्या मोजल्या असतील मनात. तो म्हणाला, "पप्पा, तू मला आधी सांगायचंस." मामा म्हणाला, "मलाच माहीत नव्हतं रे." मग विल्सन हसायला लागला, आणि मामी चुलीजवळून बाहेर आली ती काय झालं म्हणून विचारत.

ह्या फेरीतलं माझ्याकडे काय राहिलं, म्हणाल तर दाभोशाचा हिरवा डोह आणि निफाडच्या बागांतला धूर. सोपानरावांचा नंबर घ्यायचा राहिला. आणि जुन्या वस्तूबद्दल तीन जाणकारांनी एकच सांगितलं तरी चौथ्याला विचारावं, हे. आमच्याकडून थंडीच्या मुलखात जुनी ऑटोमॅटिक गाडी नेणार असाल तर निघण्याआधी बॉनेट उघडा आणि घरातल्या थोरल्यांना विचारा, ह्यातून काय काय काढलंय.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मामाकडे गेलो. भंगारवाल्याला विल्सनने आदल्या रात्रीच नको म्हणून कळवलं होतं. अंगणात गाडी नव्हती. मामी म्हणाली, दोघे आगाशीला आवतणं द्यायला गेलेत.

मी विचारलं, "चालवतोय कोण? विल्सन?"

"त्याला कुठे जमते ती," मामी म्हणाली. "सकाळी बसला होता मोठ्या ऐटीत. डावा पाय सारखा क्लच शोधतो त्याचा. दोनदा ब्रेकवर पडला, फाटकाबाहेर काही गेला नाही. तुझ्या मामाने उतरवला त्याला आणि बाजूला बसवला."